आयर्लंडच्या ग्रामीण भागात डोंगर, सरोवर आणि प्राचीन स्थळ एकाच दिवसात कुठे पाहता येईल?

त्यासाठी आपण स्लायगो परगण्यातील कॅरोकील येथे जावे, कारण ब्रिकलीव्ह डोंगरांच्या माथ्यावरील तेथील पाषाणसमाध्या पाच हजारांहून अधिक वर्षे जुन्या असून त्यांच्या अंगणातूनच खाली पसरलेले लॉख ॲरो सरोवर दिसते. चुनखडीच्या कड्यांवर दगडांच्या मोठमोठ्या राशी रचून त्यांच्या पोटात अरुंद वाट आणि दफनकक्ष बांधलेले आहेत. 1911 मध्ये झालेल्या उत्खननात त्यांतील अनेक कक्षांत माणसांच्या जळालेल्या अस्थी आढळल्या. यांपैकी ‘जी’ या अक्षराने ओळखली जाणारी समाधी मुद्दाम पाहावी. तिच्या दारावर प्रकाशासाठी वेगळा झरोका ठेवलेला आहे आणि जून महिन्यातील सर्वांत मोठ्या दिवसांच्या सुमारास मावळतीचे किरण त्यातून थेट आत जातात. न्यूग्रेंज या प्रसिद्ध समाधीतही असाच झरोका आहे, मात्र तेथे प्रकाश हिवाळ्यात, तोही सूर्योदयाला येतो. न्यूग्रेंजला तिकीट काढून मार्गदर्शकासोबतच आत जावे लागते, तर कॅरोकीलला प्रवेशशुल्क नाही. माथ्यावरची ती शांतता मला अधिक मोलाची वाटते. डब्लिनहून स्लायगोकडे जाणाऱ्या एन-4 महामार्गावरील कॅसलबाल्डविन गावातून तेथे वळावे लागते, त्यामुळे स्वतःचे वाहन असलेले बरे. एक अट मात्र कटाक्षाने पाळावी: धुके उतरले असेल तर कड्यांच्या बाजूला जाऊ नये आणि राशींवर चढू नये, कारण एकदा निसटलेला दगड पुन्हा मूळ जागी बसवता येत नाही.