हिमथर की हिमसाठा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: ‘डोंगरावरचं स्नोपॅक मोजून उन्हाळ्यातल्या पाण्याचा अंदाज घेतात, हे सातवीच्या मुलांना सांगायचं आहे. स्नोपॅकला काय म्हणू? बर्फाचा थर, हिमथर की हिमसाठा?’

ताई, ‘बर्फ’ आधी बाजूला ठेवा. हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ आभाळातून पडणारं भुसभुशीत हिम असाच आहे. गोठलेल्या पाण्याला फारसीत ‘यख’ म्हणतात. आपल्या गावांत हिम पडतच नाही, म्हणून इथे तो शब्द लादीला चिकटला. तुमच्या मुलांना ‘बरफ’ म्हटलं की रसवंतीवरची लादी दिसणार, आणि डोंगरावर लाद्या रचल्यात असं चित्र मनात बसणार. ‘हिम’ पुस्तकी वाटतो, पण तो घरचाच आहे. हिवाळा, हिवताप, ताप चढताना ‘हीव भरलं’ म्हणतो ते, या सगळ्यांत ‘हिम’च आहे.

आता थर की साठा? मला दोन्ही शब्द हवेत, कारण गोष्टी दोन आहेत. थर उंचीनं मोजायचा, साठा वजनानं. हे तुमच्या मुलांना कापसावरून लगेच कळेल. सैल भरलेली गाडी आणि पायांनी धमसून भरलेली गाडी दिसायला सारखीच उंच, पण काट्यावर चढली की फरक कळतो. हिमाचंही तसंच. ताजं हिम पिंजलेल्या कापसासारखं हलकं असतं. १०० सेंटिमीटर थर वितळला, तर साधारण १० सेंटिमीटर पाणी निघतं. तोच थर वसंतापर्यंत दबून घट्ट झाला, की तेवढ्याच उंचीत ४० सेंटिमीटरही पाणी असू शकतं. नुसती काठी रोवून उंची घेतली तर अंदाज चुकणारच.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातल्या जेम्स चर्च यांनी पोकळ नळी थरात तळापर्यंत घुसवून, आत आलेलं हिम नळीसकट तोलायची रीत बसवली. हे गृहस्थ लॅटिन शिकवत. भाषेच्या माणसानं हे काम केलं याचं मला फार अप्रूप वाटतं. आता तिकडच्या डोंगरांत जमिनीवर द्रव भरलेल्या सपाट उशा ठेवतात. वर साचलेल्या हिमाचा दाब उशी सांगते, म्हणजे तो काटाच.

या वजनावरून निघणाऱ्या पाण्याला ‘हिमाची जलतुल्यता’ म्हणता येईल, पण सातवीत ‘वितळल्यावरचं पाणी’ पुरे. ते पावसासारखंच मिलिमीटरमध्ये सांगा, मुलांना पर्जन्यमापक ठाऊक असतो. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा या पावसावरच्या नद्या. आपला साठा धरणात नाहीतर तलावात, डोळ्यांना दिसणारा. सतलजचं तसं नाही. तिचं उन्हाळ्यातलं बरंचसं पाणी आधी हिमालयात हिम होऊन थांबलेलं असतं, आणि मग खाली भाक्रा धरणात येतं.

फळ्यावर असं लिहाल का: ‘हिमथर दोन मीटर आहे. त्यातला हिमसाठा सहाशे मिलिमीटर पाण्याइतका आहे.’