विपश्यनेसारखा अभ्यास आणि मानसोपचार एकत्र चालतात का?

चालतात. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याची सांगड कॉग्निटिव्ह थेरपीशी, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या मानसोपचाराशी, घातली. हेतू एकच, बरं झालेलं नैराश्य पुन्हा उलटू नये. ज्यांना ते तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलंय, त्यांना याचा चांगला उपयोग झालेला दिसतो.

या वर्गात पहिल्या दिवशी हातावर एक मनुका ठेवतात. तिच्या सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून थांबायचं, मग दाताखाली ती फुटते तो क्षण टिपायचा. विचारांकडेही असंच बघायला शिकवतात. 'मी कुचकामी आहे' असं मनात आलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही. 'हा एक विचार आला' एवढं ओळखायचं आणि श्वासाकडे परतायचं. पालीत जिला 'सति' म्हणतात, ती हीच जागरूकता. मात्र बुद्धाच्या मार्गात तिच्याबरोबर शीलही, म्हणजे नैतिक आचरणही, येतं; ते वगळून नुसतं तंत्र उचललं, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

एक कळकळीची विनंती. इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन शिबिर म्हणजे मानसोपचार नव्हे. सध्या नैराश्य तीव्र असेल किंवा जुना आघात ताजा असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका.