नाशिकमध्ये राहतो, गाडी चालवायची मनापासून आवड आहे. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, ह्युंदाईची वर्ना टर्बो की ह्युंदाईचीच आय-ट्वेंटी एन लाइन, कोणती मॅन्युअल घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रोजची ये-जा नाशिकरोड ते अंबड, घरात दोघंच, आणि रविवारी सापुतारा नाहीतर सप्तशृंगी गडाकडची फेरी ठरलेली. ऑटोमॅटिक नको, हे पक्कं. एवढ्यावरून माझं उत्तर आय-ट्वेंटी एन लाइन. तिघींत ताकदीने सगळ्यांत लहान तीच आहे, आणि तिचं नाव मी त्यासाठीच घेतोय.

आधी आकडे बघा. वर्ना टर्बोचं इंजिन १६० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि २५३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) देतं, व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. आय-ट्वेंटीचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटरवर थांबतं. कागदावर स्पर्धाच नाही. पण त्या दोन सेडानचा पूर्ण टॉर्क पंधराशे-सोळाशे आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर असतो आणि साडेतीन हजारांपर्यंत तसाच टिकतो. म्हणजे नांदुरीहून गड चढायला लागलात की अगदी तीव्र वळणं सोडली तर तिसरा गिअर टाका आणि विसरून जा, गाडी दम टाकत नाही. प्रवास म्हणून हे फार सुखाचं आहे. पण तुम्ही मॅन्युअल मागताय ती गिअर टाकण्याच्या आनंदासाठी, आणि तिथे गाडी गिअर मागतच नाही.

आय-ट्वेंटीचा टॉर्कसुद्धा कागदावर पंधराशेपासून आहे, पण मुळात तो कमी. चढावर तिसऱ्यात सुस्त धरली तर ती कुरकुरते. मग वळणाच्या आधी ब्रेक, क्लच, उजव्या पायाने ॲक्सिलरेटरला हलकीशी टिचकी म्हणजे आरपीएम वर येतील, दुसरा, आणि वळण सुटता सुटता टर्बोची (इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या यंत्राची) खेच. गिअर बरोबर बसला तर गाडी जराही हिसका देत नाही, चुकला तर लगेच कळतं. पुढच्या वळणाला परत तेच. वेग मात्र चाळीस-पन्नासच असतो. घाटात समोरून एसटी येते, कठड्यावर माकडं बसलेली असतात, सुटीच्या दिवशी पायी येणारे भाविक असतात. याहून जास्त वेगाला तिथे जागाच नाही. १५० पीएसची गाडी अशा रस्त्यावर निम्मीसुद्धा वापरता येत नाही. १२० पीएसची बरीचशी वापरता येते.

एन लाइनचं सस्पेन्शन नेहमीच्या आय-ट्वेंटीपेक्षा टणक आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. वळणात ती व्हर्टसपेक्षा लहान आणि चपळ वाटते. लांबी चार मीटरच्या आत आहे, व्हर्टस आणि वर्ना साडेचार मीटरच्या पुढे जातात. सापुताऱ्याच्या घाटात आणि द्वारका सर्कलला, दोन्हीकडे हा फरक जाणवतो.

व्हर्टसवर अन्याय करायचा नाही मला. सरळ रस्त्यावर ती या तिघींत सगळ्यांत भक्कम. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत सहाव्या गिअरमध्ये ती इतकी शांत चालते की ताण कमी असताना इंजिनाचे मधले दोन सिलिंडर बंद झालेले कळतही नाहीत. जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आहे. आपल्याकडे सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत आणि गल्लोगल्ली बिनरंगाचे गतिरोधक आहेत, तेव्हा ही गोष्ट छोटी नाही. तुमच्या घरात चार माणसं असती किंवा दर आठवड्याला मुंबई असती, तर मी डोळे मिटून व्हर्टस सांगितली असती. मागे ड्रम ब्रेक आहेत, त्याचं मला वाईट वाटतं; या किमतीत डिस्क हव्या होत्या. वर्ना सरळ रेषेत सगळ्यांत जोरात पळते, पण स्टिअरिंगमधून हाताला फार काही कळत नाही. माझ्या यादीत ती तिसरी.

एक गाडी तुमच्या यादीत नाही, तरी चालवून बघा: होंडा सिटी, मॅन्युअल. टर्बो नाही. १२१ पीएस मिळतात ते ६६०० आरपीएमला आणि १४५ न्यूटन मीटर ४३०० ला. म्हणजे काही हवं असेल तर गिअर खाली आणून इंजिन वर न्यावंच लागतं. टर्बोच्या धक्क्याची सवय झालेल्यांना ती सुरुवातीला मवाळ वाटते, पण चार हजारांच्या पुढे तिचा आवाज बदलतो आणि पाय उचलावासा वाटत नाही. जुनी चालणार असेल तर २०२० नंतरची फोक्सवॅगन पोलो एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) बघा. ११० पीएस, सहा गिअर, अंगाने आटोपशीर. २०२२ मध्ये ती बंद झाली, त्यामुळे चांगली ठेवलेली गाडी शोधायला वेळ जाईल. क्लच कुठे पकडतो ते नक्की तपासा. अगदी वर येऊन पकडत असेल तर प्लेट बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

पैशांचंही सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. आय-ट्वेंटी पहिल्या गटात बसते. वाचलेल्या पैशांतून पहिले टायर झिजल्यावर खरंच चांगले टायर घ्या. पावसाळ्यात वणीच्या पुढे रस्ता ओला आणि धुकं असतं, तिथे टायरच वाचवतात. आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-वणी रस्त्यावर ट्रॅक्टर अचानक बांधावरून वर येतात, तेव्हा सकाळी लवकर निघालात तरी त्या पट्ट्यात गाडी आवरूनच चालवा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले हायवेवर एक चक्कर मारून आणतात. त्यातून काही कळत नाही. त्यांना म्हणा, सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाटापर्यंत जाऊ द्या. चढावर तीसच्या वेगाने तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबून बघा, मग दुसऱ्यात. ब्रेक दाबलेला असताना त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरपर्यंत पोचता येतं का ते बघा. पेडल लांब असतील तर उतारावर गिअर जुळवताना त्रास होतो. डावा पाय टेकवायला जागा आहे का, सीट खाली आणल्यावर गिअरचा दांडा हाताशी येतो का, तेही. उतरताना ब्रेकवर न बसता दुसऱ्यात सोडून द्या आणि इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते अनुभवा.

शोरूममध्ये डेमोची गाडी बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच असते आणि “चालवायला सेमच आहे सर” असं सांगतात. सेम नाही. मॅन्युअल चालवायला मिळेपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका, नाशिकला नसेल तर पुण्याहून मागवायला लावा.