पहिलीतली गप्प बसणारी मुलं

प्रश्न : ताई, मी डीएलएडच्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका शाळेत चालू आहे. पहिलीत बहुतेक मुलं कोरकू, मराठीत काही विचारलं की खाली मान घालून बसतात, मराठी घरातली दोन-तीन मुलं तेवढी उत्तरं देतात. शाळेत सांगतात ही मुलं कच्चीच असतात, तू तुझे पाठ पूर्ण कर. काय करू?
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : कच्ची नाहीत हो ती मुलं! कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं नातं तिकडे झारखंडातल्या संथाली-मुंडारीशी, मराठीशी नाहीच. घरात सगळं कोरकूत आणि शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी, मग मूल गप्प बसणारच ना.

आधी त्यांना कोरकूत बोलू द्या. मोहाची फुलं, बैल, आठवडी बाजार, असं ओळखीचं चित्र दाखवा आणि कळलं नाही तरी नीट ऐका, चौथी-पाचवीतल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून अर्थ विचारून घ्या, शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा, बाजूला मराठी शब्द. तुमचा उच्चार चुकला की मुलं हसतील, दुरुस्त करतील, करू द्या, एरवी तोंड न उघडणारं पोरही तेव्हा बोलतं. कुणाची आजी यायला तयार असेल तर तिला गोष्ट सांगायला बोलवा.

आणि रोज कुणाला प्रश्न विचारला त्याची नावापुढे खूण करत जा. आठवड्यानं बघा, बहुतेक खुणा त्याच दोन-तीन नावांपुढे असतील. झाडू कायम मुलींच्याच हातात असतो का तेही बघा. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी जात विचारायची असेल तर भर वर्गात मोठ्यानं अजिबात नको.

कुणी अडवलं तर सांगा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेत शिकवा म्हणतं, 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, हेच आहे. मला खरा राग येतो तो ट्रेनिंगचा, पाठ टाचणात, म्हणजे पाठ कसा घेणार ते आधी लिहून काढतो त्यात, उद्दिष्टं, साधनं, फलकलेखन सगळ्याला रकाने, पण मूल घरी कोणती भाषा बोलतं याला बहुतेक ठिकाणी जागाच नाही. तुम्ही उद्यापासून टाचणाच्या वर स्वतःच लिहा, ‘मुलांची घरची भाषा : कोरकू’, खाली त्या दिवशी वापरणार ते कोरकू शब्द. सही करताना मार्गदर्शकांना ते वाचावंच लागेल, विचारलं तर ती खुणांची यादी पुढे ठेवा.