स्वतःच्या बाइकवर बाइक टॅक्सी चालवून ते पैसे कॅन्सर रुग्णांसाठी देता येतील का?

तुम्ही विचारलंय की ऑफिस सुटल्यावर दोन तास स्वतःच्या बाइकवर भाडी मारायची आणि महिनाअखेरीस जमलेली रक्कम परळच्या कॅन्सर रुग्णांसाठी द्यायची, हे जमेल का. विचार फार चांगला आहे. फक्त भाडं घेण्याचा भाग वगळा. मुंबईत पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीवर ते कायद्यात बसत नाही.

खासगी गाडीने पैसे घेऊन माणूस नेला की ती गाडी कायद्याने परवान्याशिवाय चालवलेलं भाड्याचं वाहन ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे पुढे दान केले म्हणून यातून सूट मिळत नाही. मला त्याहून मोठी काळजी विम्याची वाटते. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. मागे बसलेल्याला काही झालं तर कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. म्हणजे मदत करायला जाऊन कुणाचं तरी नुकसान व्हायचं.

महाराष्ट्राने २०२५ मध्ये बाइक टॅक्सीचे नियम केले, पण ते पिवळ्या रंगाच्या इलेक्ट्रिक दुचाकींसाठी आणि किमान ५० गाड्यांचा ताफा असलेल्या कंपन्यांसाठी. एकट्या माणसाला त्यात जागा नाही. प्रवासी वाहन चालवायचा अधिकृत बॅज मिळवून अशा कंपनीकडे चालवता येईल, पण हिशोब बघा. तेव्हा ठरलेलं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १०.२७. म्हणजे पाच किलोमीटरला साधारण ५१ रुपये. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तासांत अशी चार भाडी मिळाली तरी दोनशे, त्यातून कंपनीचा वाटा आणि खर्च जायचा. (गोव्यात असतात तर वेगळं सांगितलं असतं. तिथे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे परवानाधारक ‘पायलट’, म्हणजे भाड्याने माणसं नेणारे चालक, कित्येक वर्षं आहेत. त्यांच्यापैकी कुणी एका दिवसाची कमाई द्यायचं ठरवलं तर त्यात कसलीच अडचण नाही.)

आम्ही काही मित्र करतो ते असं. सीट फुकट आणि किलोमीटर प्रायोजित. बसणाऱ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. आपल्या ओळखीच्यांना सांगायचं की मी या महिन्यात जेवढे किलोमीटर लोकांना नेईन, त्यातल्या प्रत्येक किलोमीटरमागे तुम्ही दोन रुपये द्या. २० जण तयार झाले आणि १०० किलोमीटर झाले तर ४,००० रुपये होतात. हे पैसे त्यांनी थेट कॅन्सर रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरायचे, तुमच्या खात्यात अजिबात नाही. नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं वर्गणीसाठी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१-क खाली काढतात तीच. थेट भरले की देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे दानावरच्या आयकर सवलतीची पावतीही त्याच्या नावाने मिळते. करसवलत मात्र जुन्या करप्रणालीतच, आणि २,००० च्या वर रोख दिलेल्या रकमेला नाही, हे आधीच सांगून ठेवा. आम्ही महिनाअखेरीस मीटरचा फोटो सगळ्यांना पाठवतो, तेवढ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

आता कुणाला न्यायचं? परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात येणारी कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. गाव सोडून आलेली, शहर अनोळखी. रिपोर्ट आणायला, औषध शोधायला, कागदावर सही घ्यायला तोच एक नातेवाईक दिवसभर पळत असतो. त्याला न्या. रुग्णाला बाइकवर कधीही बसवू नका. केमोनंतर चक्कर येते, प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) कमी असतात, साधं खरचटणंही महागात पडतं. कुणी कितीही आग्रह केला तरी नाहीच म्हणा आणि टॅक्सी करून द्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाची फेरी प्लेटलेट देणाऱ्याची. काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे फार दिवस साठवून ठेवायची सोय नसते, दाता सतत लागतो. मशीनवर द्यायला तास-दीड तास जातो, वर येण्याजाण्याचा त्रास. द्यायची इच्छा असलेली माणसं इथेच गळतात. ‘मी न्यायला येतो’ एवढं म्हटलं की पुष्कळ जण तयार होतात. परतताना मात्र दात्याला लगेच मागे बसवू नका. खाऊ-पिऊ द्या, बरं वाटतंय का विचारा आणि मगच निघा. जरा जरी शंका आली तर त्यालाही टॅक्सीच.

हेल्मेट दोन हवीत, आणि दुसऱ्याच्या आत घालायला धुतलेल्या सुती टोप्या. गावाकडच्या बायका साडीत एका बाजूला बसतात, म्हणून साडीगार्ड आणि पाय ठेवायची पट्टी शाबूत आहे ना ते बघा. दादर-परळच्या मधल्या सखल हिंदमाताला पाणी भरलं असेल त्या दिवशी फेरी रद्द.

सुरुवातीला आठवड्यातला एकच वार ठरवा. धर्मशाळेच्या कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात स्वतः जाऊन भेटा, लायसन्सची प्रत आणि फोन नंबर द्या, आणि कुणाला गरज आहे ते त्यांनाच ठरवू द्या. गेटवर उभं राहून माणसं शोधू नका, घाबरलेल्या माणसाला तिथे भलतेच लोक गाठत असतात.