समाजसहभागाचा अभ्यासक्रम आखताना: नव्या सहकाऱ्यास सल्ला

ठाण्यातील आपल्या महाविद्यालयात तुम्ही समाजसहभागाचा अभ्यासक्रम आखायला घेतलात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्याला राष्ट्रीय सेवा योजनेची दुसरी आवृत्ती होऊ देऊ नका. १९६९ पासून चालत आलेल्या त्या योजनेत वर्षाला १२० तासांची सेवा अपेक्षित असते आणि तिचे मोल मोठेच आहे. परंतु तुम्ही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, देणार आहात, आणि ते त्या सेवेतून विद्यार्थी काय शिकला यावर ठरायला हवे.

म्हणून काम विषयातूनच निघावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मासुंदा तलावाच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि दुपारी मोजावा, दोन्ही आकड्यांतील फरक शेवाळाच्या वाढीशी ताडून पाहावा आणि निष्कर्ष काठच्या रहिवाशांना सोप्या मराठीत समजावून सांगावेत. माझ्या मते हीच खरी तोंडी परीक्षा. राज्यशास्त्राच्या वर्गाने सरकारी सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वाचून वागळे इस्टेटच्या वस्तीत दाखल्यांचे अर्ज भरायला मदत केली, की कलमांचा अर्थ आपसूक उलगडतो.

वस्तीतील लोकांना मात्र आधी विचारा. दरवर्षी नवी मुले फॉर्म घेऊन येतात आणि पुढे काहीच कळत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. सत्र सुरू होण्यापूर्वीच तिथल्या महिला बचत गटासोबत बसा आणि एकच वस्ती निदान तीन वर्षे धरून ठेवा. गुणदानात हजेरीपेक्षा विद्यार्थ्याच्या नोंदवहीला अधिक वजन द्या. ती दर पंधरवड्याला स्वतः वाचा.