नगरपालिकेचा संप, थकलेला पगार आणि घरपट्टी: थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न असा की तुमच्या गावात नगरपालिकेचे सफाई कामगार आठ दिवस झाले संपावर आहेत, चौकाचौकात कचऱ्याचे ढीग लागलेत, आणि बाजारपेठेत जो तो म्हणतोय की पालिकेचा निम्मा पैसा यांच्या पगारातच जातो, युनियन मोडा, सगळं ठेक्याला द्या, आणि तोवर घरपट्टी भरायचीच कशाला. मी एका ब वर्ग नगरपालिकेच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं लेखापाल होतो, आता रिटायर होऊन घरी आहे. पगार कसा होतो आणि कसा थकतो हे रोज बघितलंय म्हणून लिहितोय, जरा लांब होईल.

आधी पगार कुठून येतो ते बघा. तुमच्या वडिलांना विचारा, गावाच्या वेशीवर जकात नाका होता, गावात येणाऱ्या मालावर तिथे कर घ्यायचे. ट्रक आला की पावती फाटायची, आणि सकाळी नाक्याचा भरणा घेऊन कारकून बँकेत जायचा. नाक्यावर चिरीमिरी चालायची, ट्रकवाल्यांना ताटकळत ठेवायचे, व्यापारी वैतागलेले होते, हे सगळं खरं आहे आणि जकात गेली याचं मला वाईट वाटत नाही. पण तो पैसा रोज यायचा आणि गावाचा होता. 1999 साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्याऐवजी शासन सहाय्यक अनुदान देणार असं ठरलं. तेव्हापासून आमच्यासारख्या पालिकांचा पगार या अनुदानावर आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं यातून दिवाबत्ती आणि पाण्याचं लाईट बिल निघालं तरी नशीब.

महापालिकांचं वेगळं झालं. त्यांच्याकडे जकात राहिली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही जकात गेली. पण त्यावेळी त्यांच्यासाठी कायदाच झाला, 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि दरवर्षी 8 टक्के चक्रवाढीने वाढवून भरपाई द्यायची. म्हणजे त्यांना निदान हक्काने मागता येतं. नगरपालिकांचं अनुदान जीआर म्हणजे शासन निर्णय निघेल तसं येतं. पगाराचं बिल दर जुलैला इन्क्रिमेंटने वाढतं, वर्षातून दोनदा महागाई भत्त्याने वाढतं, आणि यातला एकही निर्णय पालिकेच्या हातात नाही, तो मंत्रालयातच होतो. अनुदान मात्र त्या वेगाने वाढत नाही. समजा पगार आणि पेन्शन मिळून महिन्याला 60 लाख लागतात आणि अनुदान आलं 45 लाख, तर उरलेले 15 लाख आणायचे कुठून? माझं अर्धं आयुष्य या 15 लाखांच्या मागे गेलं.

आता अनुदानात कपात कशी होते ते. लोकांना वाटतं की सरकार जाहीर करतं, एवढे टक्के कमी केले. तसं क्वचितच होतं. एकदा उघडपणे झालं ते कोविडमध्ये, मे 2020 ला जीआर निघाला की विकासकामांचा फक्त 33 टक्के निधी मिळेल आणि नवीन नोकरभरती बंद. त्याआधी मार्चचा पगारसुद्धा राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने दिला होता. एरवी कपात दिसतच नाही हो. बजेटच्या पुस्तकात तरतूद पूर्ण असते, पण निधी बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, सुटत नाही, किंवा सुटतो तो 29-30 मार्चला रात्री, किंवा पाणी योजनेच्या जुन्या कर्जाचा हप्ता नाहीतर लाईट बिलाची थकबाकी वरच्या वर वळती करून उरलेलं खाली येतं. आम्हाला कळायचं ते बँकेत जमा झालेला आकडा बघून. त्या दिवशी मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये एकच प्रश्न असायचा, यावेळी कुणाला थांबवायचं.

ते थांबवणं कसं असतं ते सांगतो. पहिला हातात पडणारा पगार करायचा, तोही चतुर्थ श्रेणीचा आधी. मग पेन्शन. सगळ्यात शेवटी कपाती, म्हणजे कामगाराच्या पगारातून जे पीएफ, एलआयसी, पतसंस्थेचा हप्ता कापून घेतलेला असतो ते पैसे पुढे भरायचे. पगारपत्रकावर कपात झालेली आहे, चेक लिहिलेला आहे, सह्या झालेल्या आहेत, आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून ते चेक माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये पडलेले. एका वर्षी पाच महिन्यांचे होते. झाडू विभागातल्या एक मावशी एक दिवस पतसंस्थेची नोटीस घेऊन आल्या, जामीनदारालाही नोटीस गेली होती आणि जामीनदार म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. त्या मला म्हणाल्या, "साहेब, माझ्या पगारातून तर दर महिन्याला कापलेत ना, मग मी थकबाकीदार कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा चेक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. पुढच्या महिन्यात कामगारांनी काम बंद केलं तेव्हा पेपरात आलं की कामगार वेठीस धरतायत. नोटिशीचं कुठेच आलं नाही. रिटायर होऊन वर्ष-दोन वर्षं ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे मारणारे लोक तर इतके होते की शिपाई त्यांना तोंडावरून ओळखायचा.

म्हणून तुमच्या गावच्या संपाची मागणी काय आहे ते आधी बघा. 14 मार्च 2023 पासून आठवडाभर राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तो जुन्या पेन्शनसाठी, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही म्हणून. 1977 ला 54 दिवसांचा संप झाला तो केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून. या संपांवर मतं वेगवेगळी असू शकतात, राज्याला परवडतं का हा प्रश्न तिथे विचारता येतो. पण केलेल्या कामाचा तीन महिन्यांचा पगार द्या ही मागणी त्या रांगेत बसवू नका. तुम्ही दुकानदार आहात, उधारी तीन महिने थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही माल देत नाही.

"निम्मा पैसा पगारात जातो" याबद्दल. आस्थापना खर्चाला, म्हणजे कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाला, 35 टक्क्यांची मर्यादा सांगितलेली आहे आणि बऱ्याच पालिका ती ओलांडतात. पण टक्का दोन प्रकारे वाढतो, पगार वाढला म्हणून किंवा उत्पन्न आटलं म्हणून. आमच्याकडे मी लागलो तेव्हापेक्षा कायम सफाई कामगार जवळजवळ निम्मे राहिले होते, गाव दुपटीने वाढलं होतं, तरी टक्का चढतच होता. आणि हाच टक्का कमी दाखवण्यासाठी ठेका निघाला. ठेक्याचं बिल आस्थापनेत धरत नाहीत, ते घनकचरा व्यवस्थापन नाहीतर बाह्यस्रोत अशा हेडखाली, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या शीर्षाखाली, जातं. गावाच्या खिशातून पैसा जातोच, फक्त तो पगार म्हणून दिसत नाही.

ठेक्याने काम स्वस्त होतं का? कागदावर होतं. टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, त्यात किमान वेतन, पीएफ, इएसआय सगळं धरलेलं असतं, आणि घंटागाडीवरच्या पोराच्या हातात त्यातलं कितीतरी कमी पडतं. काही ठिकाणी तर पगार कायद्याप्रमाणे बँकेत जमा होतो आणि एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असतं, हे मी ऐकीव सांगत नाही. पालिकेचं बिल थकलं की ठेकेदार पगार थकवतो, मग ती पोरं काम थांबवतात, आणि तेव्हा बोलणी करायला ना युनियन असते ना रजिस्टरवर नाव. म्हणजे संप टळत नाहीच. मुंबईत असे 2,700 कंत्राटी सफाई कामगार होते, महापालिका म्हणत होती ते आमचे नाहीत, ठेकेदाराचे. त्यांची युनियन वर्षानुवर्षं कोर्टात लढली आणि एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. तोपर्यंत त्यातले कितीतरी जण दमले होते, काही जण गेलेही होते.

एक गोष्ट तुमच्या गावात कुणाला माहीत नसेल तर सांगा. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपालिकेवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे स्पष्ट होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे" हे उत्तर कायद्याला धरून नाही.

युनियनची बाजूही सरळ सांगतो, कारण मी त्यांचा सभासद होतो आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. आमच्याकडच्या कायम कामगारांच्या युनियनने ठेक्यावरच्या पोरांना वीस वर्षं दारात उभं केलं नाही. वारसा हक्काची नोकरी मिळावी म्हणून जेवढी ताकद लावली त्याचा चौथा हिस्सा जरी या पोरांच्या हजेरीपत्रकासाठी लावली असती तर आज चित्र वेगळं असतं. काही कायम कामगार स्वतः न येता अर्ध्या पैशात बदली माणूस पाठवायचे, मुकादमाला माहीत असायचं आणि पुढाऱ्यांनाही. लोकांच्या मनातून ते उतरले ते यामुळे. तरीही युनियन मोडा असं मी म्हणणार नाही, कारण माझ्या ड्रॉवरमधले चेक दरवेळी बाहेर निघाले ते संपाची नोटीस लागल्यावर. एकदाही त्याआधी निघाले नाहीत.

राज्याकडे पैसाच नाही असं आता ऐकायला मिळतं. 2025-26 च्या बजेटमध्ये महसुली तूट 45,891 कोटींची दाखवली होती, आणि लाडकी बहीणसाठी 36,000 कोटींची तरतूद होती. त्या 1500 रुपयांवर मी बोट ठेवणार नाही, कित्येक झाडूवाल्यांच्या घरात तेव्हा तेवढाच एक पैसा वेळेवर आला. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. ज्या खर्चाची बातमी होते तो वेळेवर होतो, आणि पालिकेचं अनुदान, शाळेचं वेतनेतर अनुदान, ग्रामपंचायत शिपायाचं किमान वेतन हे मागे ढकललं तर चार-पाच महिने कुणाच्या लक्षात येत नाही. सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी त्या योजनेकडे वळवले गेले तेव्हा निदान त्या खात्याचे मंत्री तरी उघड बोलले. नगरपालिकांच्या बाजूने तेव्हा कोण बोलणार होतं? मुदत संपून तीन-चार वर्षं प्रशासक बसलेले, नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाहीत, आणि लोकनियुक्त बॉडी नाही म्हणून केंद्राच्या वित्त आयोगाचा निधीही अडकलेला. प्रशासक हा शासनाचाच अधिकारी, तो शासनाशी अनुदानासाठी किती भांडणार? सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये बजावलं तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या.

आता घरपट्टीचं. कृपा करून हे करू नका. एक तर थकबाकीवर दर महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो, तो तुमच्याच डोक्यावर बसेल. आणि दुसरं, अनुदान कमी पडतं तेव्हा पालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा घरपट्टी हाच मोठा पैसा असतो, तुम्ही ती बंद केली तर सरकारला काही झळ बसत नाही, तुमच्याच वॉर्डातला पंप बंद पडतो. त्यापेक्षा मोठ्या थकबाकीदारांची यादी मागा. मंगल कार्यालयं, हॉटेलं, शिक्षणसंस्था, कधी कधी सरकारी ऑफिसंसुद्धा त्यात निघतात. आमच्याकडे वसुलीची गाडी निघाली की पहिली दोनशे-चारशे रुपयांच्या घरांपुढे थांबायची, त्या यादीतल्या पहिल्या दहा नावांकडे वळली की वरून फोन आल्याशिवाय राहायचा नाही.

करायचंच असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. तीन कागद मागा. गेल्या बारा महिन्यांत सहाय्यक अनुदान किती आणि कोणत्या तारखेला जमा झालं आणि त्यातून वरच्या वर काय काय वळतं झालं. कामगारांच्या पगारातून कापलेल्या पण न भरलेल्या कपातींची महिनावार यादी. आणि सफाईच्या ठेक्याचं महिन्याचं बिल, त्याला जोडलेलं हजेरीपत्रक आणि पीएफ भरल्याचं चलन यांच्यासकट. दुसरा कागद देताना टाळाटाळ होईल, तोच सोडू नका. नगरसेवक आता निवडून आलेत, तुमच्या वॉर्डातल्याला हे कागद घेऊन बजेटच्या सभेत उभं राहायला सांगा, आणि व्यापारी संघटनेचं निवेदन पालिकेबरोबर आमदारांना आणि पालकमंत्र्यांनाही द्या, कारण अनुदानाची फाईल तिथूनच हलते.

आणि उद्या सकाळी सहाच्या आत एकदा हजेरी शेडवर जाऊन या. संपातही ते लोक तिथे येऊन बसतात, हजेरी चुकू नये म्हणून. कुणाचे किती महिने राहिलेत ते त्यांनाच विचारा, पगारपत्रक मागितलंत तर दाखवतील. ठेक्याच्या बिलाची प्रत हातात आली आणि त्यातलं काही कळलं नाही तर मला पाठवा, हेड आणि कपाती मी लावून देतो.